हिशेबात कोणाला धरायचे?

डेव्हिड रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त १८१७ साली लंडनमध्ये छापून आला, आणि दहा-बारा वर्षांतच तो पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या बांधावर येऊन ठेपला. आणणारा होता रॉबर्ट कीथ प्रिंगल. कंपनी सरकारचा तरुण सनदी अधिकारी, हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकून आलेला. सिद्धान्त असा : सर्वांत हलक्या जमिनीत पीक काढायला जेवढा खर्च येतो तेवढेच उत्पन्न निघते. तिच्याहून कसदार जमिनीत जे जास्त उरते ते कोणाच्या कष्टाचे नव्हे, मातीच्या गुणाचे. ते सरकारने साऱ्याच्या रूपाने घेतले तर शेतकऱ्याच्या मेहनतीला धक्का लागत नाही आणि धान्याचे भावही चढत नाहीत. इंडिया हाउसमध्ये महसुलाचे कागद पाहणाऱ्या जेम्स मिलला हा कर सर्वांत निर्दोष वाटत होता. प्रिंगलने जमिनीच्या प्रती लावल्या, प्रत्येक प्रतीचे सरासरी उत्पन्न ठरवले, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवला.

पुढे काय झाले ते महसुलाच्या इतिहासात नोंदलेले आहे. मोजणी चुकली होती, उत्पन्नाचे अंदाज त्याहून चुकले होते. सारा वसूल होईना, जमिनी पडीक पडू लागल्या, माणसे गाव सोडून गेली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी, तीस वर्षांची आकारणी केली. तिच्यात त्यांनी हा निव्वळ उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूला ठेवला आणि गाव आजवर प्रत्यक्षात किती सारा भरू शकले होते हे पाहून दर बांधले.

ही केवळ अंमलबजावणीची चूक होती असे म्हणून पुढे जाता येत नाही. खर्चात काय काय धरायचे? घरच्या बाईची आणि मुलांची राबणूक? मेलेला बैल? सरासरी वर्ष धरायचे तर जे वर्ष सरासरीच्या खूप खाली जाते त्या वर्षी कुटुंबाने काय खायचे? या प्रश्नांची उत्तरे रिकार्डोच्या गणितात नाहीत. ती गणित मांडण्याआधी कोणीतरी देऊन ठेवलेली असतात. अर्थशास्त्र आणि न्याय यांच्या नात्यावर दोन-अडीचशे वर्षे जे लिहिले गेले, ते मला या एका जागेवरून वाचावेसे वाटते : माणूस, कुटुंब, एकर की टन, हिशेबाचे एकक काय ठरले आणि ते ठरवताना कोण गळाले. न्यायाचा बहुतेक निकाल तिथेच लागून जातो. नंतरची आकडेमोड कितीही काटेकोर असली तरी ती त्या निकालाची अंमलबजावणीच असते.

इंदापूरची तीस वर्षांची मुदत १८६६च्या सुमारास संपली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीच्या काळात फेरआकारणीचे वारे वाहू लागले आणि सारा चढला. युद्ध संपले, भाव कोसळले, वाढीव सारा मात्र राहिला. तो भरायला सावकार, सावकाराकडे खत, खतावर अंगठा, आणि पुढे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरले. लोकांचा रोख कागदांवर होता. खते आणि हुकूमनामे मागून घेऊन ते जाळण्यात आले.

कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यातल्या कायद्याच्या दृष्टीने ते खत म्हणजे दोन स्वतंत्र माणसांनी राजीखुशीने केलेला करार होता. कोर्टाने कागद पाहायचा, कागदामागची कहाणी पाहायची नाही. दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. मूळ रक्कम किती, व्याज किती, व्याजाचे मुद्दल कधी झाले, हे उकरून खरे देणे ठरवायचे. शिवाय कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कायद्याने शेतकऱ्याचे दारिद्र्य हटले नाही. पण सही असली म्हणजे व्यवहार न्याय्य, ही समजूत इथे एका साम्राज्याला स्वतःच्या हाताने मागे घ्यावी लागली, आणि मला ती घटना अनेक ग्रंथांहून महत्त्वाची वाटते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांनी सारा, सावकार, कोर्ट, कारकून आणि भटशाही हे सगळे एकाच साखळीचे दुवे म्हणून दाखवले. बाजारातली देवघेव आणि समाजातली उतरंड वेगळ्या काढता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. युरोपातल्या अर्थशास्त्राला तो पटायला बराच वेळ लागला.

ज्याला या शास्त्राचा जनक मानतात तो ॲडम स्मिथ मात्र न्यायाला पारखा नव्हता. ग्लासगो विद्यापीठात तो नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये, त्याने नैतिक भावनांवरचा ग्रंथ लिहिला होता. परोपकार हा समाजाचा दागिना, न्याय हा खांब, असे त्याने मानले. मालक आणि मजूर यांच्या झगड्यात मालक अधिक काळ तग धरू शकतो, म्हणून तो जिंकतो, हे त्याने स्वच्छ लिहिले आहे. कामगारांच्या बाजूने केलेला नियम नेहमीच न्याय्य निघतो, मालकांच्या बाजूचा कधी कधी नसतो, हेही त्याचेच निरीक्षण. चारचौघांत लाज न वाटता वावरता यावे यासाठी लागणारा लिननचा सदरा त्याने गरजेच्या वस्तूंत घातला. पुढे अमर्त्य सेन यांनी त्या सदऱ्यावर दारिद्र्याची अख्खी मीमांसा उभी केली.

बेंथम आणि त्याच्या अनुयायांनी सुखाची बेरीज हा न्यायाचा निकष मानला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये म्हटले की उत्पादनाचे नियम निसर्गाचे असतील, वाटपाचे नियम माणसांनी केलेले असतात. हे मान्य केले की वाटप बदलता येते. मार्क्सने तर १८७५ मध्ये जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना समान हक्काच्या भाषेवरच बोट ठेवले : माणसे सारखी नसताना सारखे माप लावणे हीही असमानता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, तेव्हा इंग्लंडमध्ये काढलेले निष्कर्ष देशकालनिरपेक्ष नसतात हे ठणकावून सांगितले. इथे विस्तार करत नाही, कारण खरी कलाटणी विसाव्या शतकात आहे.

१९३२ मध्ये लायनेल रॉबिन्सने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एक छोटे पुस्तक लिहिले आणि अर्थशास्त्राची व्याख्या बदलली : अपुरी साधने आणि अनेक उद्दिष्टे यांच्यातली निवड. उद्दिष्टे कोणती असावीत हा शास्त्राचा प्रश्न नाही. एका माणसाचे सुख दुसऱ्याच्या सुखाशी ताडून पाहता येत नाही, म्हणून श्रीमंताकडून शंभर रुपये घेऊन गरिबाला दिल्याने एकूण सुख वाढते, असे शास्त्र म्हणू शकत नाही. १९३८ च्या एका लेखात त्याने आपण या मताकडे कसे आलो ते सांगितले, आणि तिथे चक्क हिंदुस्थान येतो. हेन्री मेनच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट अशी : एका इंग्रज अधिकाऱ्याने एका उच्चवर्णीय ब्राह्मणाला बेंथमचे तत्त्व समजावून दिले, प्रत्येकाचे सुख सारखे मोजायचे. ब्राह्मण म्हणाला, हे बरोबर असूच शकत नाही, त्या अस्पृश्याच्या दसपट सुख भोगण्याची ताकद माझ्यात आहे. रॉबिन्सला ब्राह्मणाबद्दल सहानुभूती नव्हती. पण त्याला खोडून काढणारा शास्त्रीय पुरावा आपल्यापाशी नाही, असे त्याला वाटले, आणि त्याने सुखाची तुलनाच शास्त्राच्या बाहेर ठेवली.

आता त्याच संस्थेतली दुसरी नोंद पाहा. रॉबिन्स १९२० ते १९२३ या काळात तिथे शिकत होता. एडविन कॅनन हे अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख प्राध्यापक. त्याच वर्षांत कॅननच्या देखरेखीखाली भीमराव आंबेडकर रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध लिहीत होते. १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला, त्याला प्रस्तावना कॅननची. गोष्टीतल्या ‘त्या अस्पृश्या’च्या जागी उभा राहू शकेल असा माणूस त्याच वास्तूत चलनशास्त्रावर काम करत होता.

आंबेडकरांनी त्या ब्राह्मणाला दिलेले उत्तर सुखाच्या मोजपट्टीवर उभे नाही. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी दाखवले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. माणसाचे काम, मोबदला, काम नाकारण्याचा हक्क, सारे जन्माने ठरते. अशा ठिकाणी ‘निवड’ हा शब्द वापरण्याआधी निवडणारा माणूस मोकळा आहे का, हे विचारावे लागते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, आणि ही रचना संविधानातच लिहावी, अशी मागणी केली. बेकार माणसाला नोकरी आणि हक्क यांतले एक निवडायला लावले तर तो हक्क सोडून देईल, हे त्यांचे कारण. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावले की राजकारणात प्रत्येकाचे मूल्य एक आणि अर्थजीवनात ते नाकारलेले, ही विसंगती फार काळ टिकणार नाही. रॉबिन्सने जो प्रश्न शास्त्राबाहेर ठेवला, तो आंबेडकरांनी राज्यघटनेच्या दारात आणला. प्रत्येक माणूस एक धरायचा, हे सिद्ध करण्याची गोष्ट नव्हे, ठरवण्याची आहे. मला त्यांचे म्हणणे निःशंकपणे पटते. सरकारी मालकीच्या शेतीबद्दल मात्र शंका राहते, कारण एकच मालक आणि तोही सरकार, म्हणजे मजुराला जायला दुसरे दार उरत नाही.

रॉबिन्सनंतर अर्थशास्त्रज्ञांपुढे अडचण आली. तुलना करायची नाही, तर धोरणावर बोलायचे कसे? पॅरेटोचा निकष हाती होता : कोणाचेही नुकसान न होता एखाद्याचे भले होत असेल तर बदल चांगला. पण असा बदल व्यवहारात जवळपास नसतोच. १९३९ मध्ये काल्डोर आणि हिक्स यांनी वाट काढली. ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात उरू शकत असतील, तर बदल योग्य. भरपाई खरोखर द्यायची की नाही हा राजकारणाचा प्रश्न. देता येईल एवढे पुरे. आज जगभर धरणे, रस्ते, विमानतळ यांचे लाभ-खर्चाचे तक्ते याच विचारावर उभे आहेत.

पुणे जिल्ह्याने हा तक्ता काल्डोरच्या आधी पाहिला होता. टाटांच्या वीज कंपनीसाठी मुळा-निळा संगमावर धरण होणार, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळणार, आणि मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या भातखाचरांवर पाणी येणार. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे पुढे होते, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. लाभ खर्चाहून मोठा होता का? वीज मोजली तर असेलही. पण ज्याची जमीन जाते त्याला बेरजेत फक्त जमिनीच्या भावाएवढी जागा मिळते. गाव, देवस्थान, सोयरीक, कसायची सवय यांना त्या तक्त्यात रकाना नाही. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो तर रकान्यातही नाही.

१९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, तेव्हा काल्डोरचा तो ‘देता येईल’ कायद्याने ‘द्यावेच लागेल’ झाला. धरणाच्या पाण्याने ज्यांच्या जमिनी भिजणार, त्यांच्यातल्या मोठ्या धारकांकडून काही जमीन घेऊन ती बुडालेल्यांना द्यायची. लाभक्षेत्रातल्या माणसाने विस्थापिताचे देणे फेडायचे, असा सरळ हिशेब. त्यामागे ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ म्हणणाऱ्या चळवळीची वर्षे होती : दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी, बाबा आढाव. आणि तरीही कोयना धरणाच्या विस्थापितांची पुढची पिढी आजही जमिनीसाठी मोर्चे काढते. तत्त्व कागदावर असले तरी संपादनाची प्रकरणे कोर्टात अडकतात, दाखवलेली जमीन खडकाळ निघते, ताबा मिळत नाही.

अमेरिकेत जॉन रॉल्सने १९७१ मध्ये हा सगळा प्रश्न पुन्हा मुळापासून मांडला. समाजात आपण कुठे जन्मणार, कोणत्या अंगाचे, कोणत्या घरातले, हे माहीत नसताना नियम ठरवायला बसलो तर कोणते नियम निवडू? त्याचे उत्तर : समान मूलभूत स्वातंत्र्ये, संधीची खरी समानता, आणि विषमता फक्त तेवढीच, जेवढी तळाच्या माणसाच्या फायद्याची ठरेल. जातीच्या समाजात वाढलेल्या वाचकाला या अज्ञानाच्या पडद्याचे बळ लगेच कळते. कोणत्या घरात जन्मणार हे ठाऊक नसेल तर जातिव्यवस्था कोण निवडेल? पण एक उणीवही लवकर जाणवते. रॉल्सचा तळाचा गट प्रामुख्याने उत्पन्न आणि संपत्तीने ओळखला जातो, आणि घरातली वाटणी त्याने बराच काळ बाहेर ठेवली. स्त्रीवादी विचारवंत सुसान ओकिनने १९८९ मध्ये नेमके त्यावरच बोट ठेवले.

रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये उलट बाजू लढवली. वाटप कसे दिसते हे पाहू नका, ते कसे झाले ते पाहा. मिळकत योग्य मार्गाने आली असेल आणि पुढे राजीखुशीने हात बदलत गेली असेल, तर जे होईल ते न्याय्य. त्याने तिसरे तत्त्वही सांगितले : पूर्वी अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त करायचा. पण ते त्याने अर्धवट सोडले. आपल्याकडे खरी लढाई नेहमी त्या तिसऱ्या तत्त्वापाशीच होते. कोकणात खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, मालकी कुठून आली? अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी कसायला नकार दिला. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. अर्थशास्त्रज्ञ हायेकने सामाजिक न्यायाला मृगजळ म्हटले, कारण त्याच्या मते बाजाराचा निकाल कोणी ठरवून दिलेला नसतो, म्हणून तो अन्यायी म्हणता येत नाही. चरीच्या कुळांना खंड कोण ठरवतो ते नावानिशी माहीत होते.

राजीखुशीचा करार म्हणजे काय, हे आज पाहायचे असेल तर ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब पाहावा. दसऱ्याच्या आगेमागे बीड, नगर, जालन्याकडची माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधी पावसाळ्यातच मुकादमाने उचल दिलेली असते. लग्न, दवाखाना, जुने देणे यांत ती संपलेलीही असते. हंगामभर टनामागच्या दराने ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पहाटे कोपीत स्वयंपाक, रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा भरणी. हिशेबाच्या वहीत हे दोघे मिळून ‘एक कोयता’. एकटा आला तर अर्धा कोयता. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग तो आजारपणाचा असो की पाळीचा. उचल नवऱ्याच्या हाती येते, बाईच्या श्रमाची वेगळी नोंद कुठेच नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती मोठे आहे, हे २०१९ मध्ये विधिमंडळात गाजले आणि चौकशी समिती नेमली गेली. त्या बाईला विचारले तर ती सांगते की खाडे परवडत नाहीत.

नोझिकच्या कसोटीवर इथे प्रत्येक व्यवहार राजीखुशीचा आहे. रॉबिन्सच्या कसोटीवर ही अपुऱ्या साधनांतली निवड आहे. काल्डोरच्या तक्त्यात साखर, वीज, इथेनॉल, कर असा भरघोस लाभ आहे. तीनही कसोट्या पार होतात, कारण तिघांनीही ‘कोयता’ हे एकक जसेच्या तसे घेतले. अन्याय त्या एककाच्या आत आहे.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चिकित्सा केली तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सिद्ध झाली. सुमारे तीस लाख माणसे मेली, आणि अन्नाचा तुटवडा हे त्याचे पुरेसे कारण नव्हते. शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या मिळकतीत आता तांदूळ बसत नव्हता. मालमत्तेचे कायदे शाबूत होते आणि त्याच कायद्यांनी धान्याची कोठारे राखली. म्हणून सेन विचारतात : समानता कशाची? पैशाची, सुखाची, की माणूस प्रत्यक्षात काय करू आणि होऊ शकतो याची? २००९ च्या पुस्तकात त्यांनी एक बासरी आणि तीन मुले यांचे उदाहरण दिले. एकीला ती वाजवता येते, एकाकडे दुसरे खेळणेच नाही, एकीने ती स्वतः बनवली. तिघांचाही दावा खरा. निर्दोष न्यायाचे चित्र पूर्ण होईपर्यंत थांबू नका, समोरचा ढळढळीत अन्याय कमी करा, हा त्यांचा आग्रह.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हा आग्रह अमलात आणला, पुस्तक येण्याच्या कितीतरी आधी. धान्याचे पीक कमालीचे घटले होते. माणसे तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन राहिली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे होती. बंगालसारखे मृत्यू झाले नाहीत, कारण हातात मजुरी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या प्रयोगापासून रोजगार हमीची कल्पना लावून धरली होती. कायदा १९७७ चा, लागू २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागितले की द्यायचे, नाही दिले तर बेकारभत्ता, आणि बाईला-पुरुषाला एकच दर. संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांतला कामाचा हक्क इथे प्रथमच एका राज्याने कायद्याने मागण्याजोगा केला. पैसा उभा केला शहरांतून. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच आला. आजही महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० अशी कपात दिसते, वर्षाला २,५०० रुपये. ती कशासाठी सुरू झाली, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. मुंबईच्या कारकुनाने माणदेशातल्या मजुराच्या मजुरीत भागीदार व्हायचे, ही रॉल्सची कल्पना इथे कराच्या रूपात उतरली होती.

त्या योजनेचे गोडवे गाऊन थांबणे मात्र खरे ठरणार नाही. १९८८ मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि योजनेचे दर त्याला जोडलेले असल्याने तेही वाढले. त्यानंतर कामांचे दिवस घसरले. सरकारने कायदा मोडला असे म्हटले नाही, कामेच कमी काढली. न्याय्य मजुरी आणि हमखास काम यांत ओढाताण झाली की तिजोरी कोणत्या बाजूला झुकते, ते तेव्हा दिसले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही हमी देशभर नेली, पण मजुरी उशिरा येणे आणि मस्टर वेळेवर न निघणे ही दुखणी सोबत गेली.

मला स्वतःला या सगळ्या इतिहासात सर्वांत धाडसी विचार पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा वाटतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. तोवर पाण्याचा हक्क जमिनीच्या मागे जात होता : ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी जास्त. पाणी पंचायतीने एकक बदलले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते पाणी. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला २० टक्के भार लाभार्थींनीच उचलायचा. पाणी ही निसर्गाची देणगी, ती जमीनदारीच्या मागे का जावी, हा रिकार्डोचाच प्रश्न होता. फक्त इथे मातीच्या गुणावर सरकार हक्क सांगत नव्हते, गावातला प्रत्येक माणूस सांगत होता. सांगली जिल्ह्यात येरळेवरच्या बळीराजा धरणाच्या वेळीही लोकांनी हेच धरून ठेवले, आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी पुढे आटपाडीपर्यंत गेली.

अर्थशास्त्रज्ञाची हरकत ठाऊक आहे : पाणी जिथे सर्वांत जास्त पैसा देते तिथे गेले पाहिजे, माथी मोजून वाटले तर उत्पादन घटेल. उसाला पाणी दिले तर रुपये जास्त दिसतात हे खरे. पण उसाच्या एका एकराला जेवढे पाणी लागते तेवढ्यात ज्वारी-बाजरी, कडधान्य, भाजी यांची कितीतरी कुटुंबे निघतात, आणि तक्त्यात एकर धरला की ती कुटुंबे दिसत नाहीत. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग आणणारा कायदा केला. पाणीवापर संस्था आल्या, पाणी घनमापनावर मोजायचे ठरले, शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोहोचावे अशी सोय झाली. ही सुधारणाच आहे. पण संस्थेचा सभासद होतो तो लाभक्षेत्रात जमीन असलेला. नायगावात ज्या भूमिहीनाला पाण्याचा वाटा होता, त्याला या कायद्यात जागा नाही. आणि त्याच लाभक्षेत्रातला ऊस तोडायला दर हंगामात येणारी बाई अजूनही अर्ध्या कोयत्याच्याच हिशेबात आहे. तिची स्वतंत्र नोंद, तिच्या नावावर तिच्या टनांची मजुरी, आजारपणाच्या खाड्याला कपात नाही, एवढे करायला कोणताही नवा सिद्धान्त लागत नाही. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती आधीच निघते. तिच्यावर दुसरे नाव घालायचे आहे.